ढोलीतला आवाज

हळूबाई पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आल्या, काहीतरी म्हणाल्या, आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "जरा मोठ्यानं बोला." त्या पुन्हा बोलल्या. मी कान काचेला लावला. शेवटी त्यांनी माझ्या मागच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा कळलं, बाईंना किल्ली हवी आहे.

मी नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर बसते. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्याही माझ्याच मागे टांगलेल्या असतात. उन्हाळा म्हणजे आमची घाईगर्दी. सकाळी मुलांसाठी कळसूत्री बाहुल्या, संध्याकाळी बागेतल्या खुल्या मंचावर वाद्यवृंद, अधूनमधून बाहेरगावचा नाच, आणि दुपारी मोठ्या सभागृहात संगीतिका. लोक तिला ऑपेराच म्हणतात. त्यात सगळं गाऊन. भांडायचं गाऊन, मरायचं गाऊन, दाराशी कोण आलंय हेही गाऊनच विचारायचं. निम्मे प्रेक्षक गाणं ऐकायला येतात आणि निम्मे सभागृहातल्या गारव्याला. मी दोघांनाही सारखंच हसून तिकीट देते.

हळूबाई तिथे प्रॉम्प्टर होत्या. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, कासवाच्या पाठीसारखं एक लाकडी झाकण आहे. प्रेक्षकांना फक्त ती पाठ दिसते. त्याखाली एक माणूस कसाबसा बसेल एवढी जागा, एक खुर्ची, एक छोटा दिवा. खालच्या बाजूनं, रंगमंचाच्या पोटातून वाकून आत शिरायचं. आम्ही त्या जागेला ढोली म्हणायचो. हळूबाई त्या ढोलीत बसून प्रत्येक ओळीचे पहिले शब्द गाणाऱ्याच्या आधी सांगायच्या. गाणारा विसरला म्हणून नव्हे. संगीतिकेत प्रत्येक ओळ आधी द्यावीच लागते. त्यामुळे बाईंचा आवाज नेहमी इतरांच्या एक पाऊल पुढे असायचा, आणि तो गाणाऱ्यांखेरीज कोणालाही ऐकू जायचा नाही. वर्षानुवर्षं असं बोलून बोलून त्यांचा आवाज तसाच झाला होता. भाजीवालासुद्धा त्यांना "काय बाई?" असं चारदा विचारायचा.

त्यांचा नवरा याच नाट्यगृहात दिवे सांभाळायचा. तो गेल्यावर घरात राहिल्या दोघी, हळूबाई आणि त्यांची नणंद. नणंदबाईंना आम्ही सगळेच वन्सं म्हणायचो. वन्संना तरुणपणीच्या आजारानंतर काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणजे एकीला मोठ्यानं बोलता येत नाही आणि दुसरीला ऐकू येत नाही. नाट्यगृहात यावर विनोद व्हायचे. पण त्यांचं छान जमायचं. वन्सं ओठ बघून समजून घ्यायच्या, आणि अंधार असला किंवा हळूबाई पाठमोऱ्या असल्या की त्यांच्या पाठीवर तळवा ठेवायच्या. बोलताना माणसाचं अंग आतून घुमतं, त्यावरून म्हणे त्यांना निम्मं कळायचं. स्वतः वन्सं मात्र असं बोलायच्या की समोरच्या फुटपाथवरचा माणूस वळून बघायचा.

त्या वर्षीची संगीतिका एका खलाशाची होती. खलाशी कित्येक वर्षांनी घरी परततो, मधल्या काळात त्यांचं मूल गेलेलं असतं, आणि त्याची बायको त्याला ओळखच देत नाही, एवढीच गोष्ट. बायकोचं काम आमच्या मुख्य गायिकेकडे होतं. त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. मॅडमचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेत अंगावर काटा आणायचा, पण शब्द त्यांच्या डोक्यात टिकायचे नाहीत. त्या उघडपणे सांगायच्या, "सूर माझे, शब्द हळूबाईंचे. ती बाई खाली नसेल तर मी वर नाही."

हंगामाच्या मध्यावर एका सकाळी वन्संच खिडकीशी आल्या आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वहिनीला ताप भरलाय! उठवत नाहीये! आज येणार नाही ती!" आणि आल्या पावली घरी गेल्या.

मॅनेजरच्या पाचावर धारण बसली. तिकिटं तर सगळी गेलेली. त्यांनी मॅडमना कसं समजावलं कोण जाणे. मी खिडकी बंद करून सभागृहाच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिले. मॅडम रंगमंचावर आल्या. पहिली ओळ आली. त्यांनी सवयीनं ढोलीकडे पाहिलं. क्षणभर थांबल्या. मग हलकेच मान हलवली आणि गायला लागल्या.

एकही शब्द चुकला नाही. दर ओळीला त्यांची नजर खाली जायची, मान हलायची आणि शब्द यायचे. दुसऱ्या अंकात मध्येच वीज गेली. सगळे अंधारात थांबले, लोक कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेत बसले. जनरेटर सुरू झाला तशी मॅडमनी तुटलेली ओळ बरोबर तिथूनच उचलली. टाळ्या थांबता थांबेनात.

प्रयोगानंतर मॅडम अर्धा रंग पुसलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आल्या. "कुठे आहे ती? तापात कशाला आली? सांग तिला, मला बरं नाही वाटलं ते. आणि आज आवाज केवढा लांबून येत होता तिचा!"

मी म्हटलं, "मॅडम, हळूबाई आल्याच नाहीत."

"वेडी का तू? माझ्याशी बोलत होती ना ती."

मी मागे वळून खिळ्याकडे पाहिलं. ढोलीची किल्ली तिथेच होती. सकाळपासून कोणी मागितली नव्हती. मी ती घेतली, रंगमंचाच्या पोटात उतरले, कुलूप उघडून आत डोकावले. खुर्ची, विझलेला दिवा, बस. कोणी आल्याची खूण नाही. पण उन्हाळ्यात त्या ढोलीत भट्टीसारखं उकडतं, आणि तेव्हा आतून चेहऱ्यावर गार हवा आली. मी दार लावलं ते जरा घाईनंच.

तशीच त्यांच्या घरी गेले. हळूबाई झोपल्या होत्या, ताप उतरत होता. वन्संनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि चहा टाकला.

"दुपारभर बडबडत होती," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या परीनं त्या कुजबुजत होत्या, म्हणजे फक्त शेजाऱ्यांनाच ऐकू जाईल इतपत. "ओठ बघत होते ना मी. ते खलाशाचं, दाराचं, सगळं ओळीनं. मध्ये एकदम थांबली. मला वाटलं, लागला डोळा. पण ओठ उघडेच, जसं कोणी वाट बघतंय. मग पुन्हा सुरू."

मला वीज गेलेली आठवली. 

वन्संनी गॅस बारीक केला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. "एक गोष्ट सांगते. हसू नकोस. ताप बघायला मी तिच्या छातीवर हात ठेवला होता. ओठ हलत होते आणि अंग घुमत नव्हतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. जिवंत माणूस बोलतंय आणि आत काही हलत नाही. तिचा आवाज घरात नव्हता गं."

पुढच्या आठवड्यात हळूबाई कामावर रुजू झाल्या. मॅडमचा जीव भांड्यात पडला. मॅनेजरनी तर तो विषयच काढला नाही. पण पहिल्याच प्रयोगानंतर हळूबाई माझ्या खोलीत येऊन बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. मी खुर्ची त्यांच्या अगदी जवळ ओढली.

"मी तोंड उघडायच्या आधीच ओळ दिली जाते," त्या म्हणाल्या.

"कोण देतं?"

"मीच. म्हणजे आवाज माझा. माझ्या कानाशी, ढोलीच्या लाकडातून. मी नुसती बसून राहते."

मी धीर द्यायला म्हटलं, "ताप डोक्यात गेला असेल, मावशी."

त्यांनी मान हलवली. "तेवढंच असतं तर बरं होतं. तो आवाज जी ओळ बोलतो, ती माझ्या डोक्यातून जाते. समोर कागद असतो, अक्षरं वाचता येतात. पण वाचली की गळून पडतात. आत राहत नाहीत."

ही गोष्ट ओळींवर थांबली नाही. एक दिवस वन्संनी मला रस्त्यात गाठलं. हळूबाई म्हणे सकाळी चहाचं भांडं हातात घेऊन उभ्याच राहिल्या. गाळणं मागायचं होतं, पण शब्द येईना. "ते… ज्याच्यातून…" एवढंच म्हणत बोटं हलवत राहिल्या. मग 'उशी' गेला, 'जिना' गेला. रोज एखादा शब्द कमी. वन्सं त्यांचे ओठ बघत बसायच्या आणि ओठ जागच्या जागी अडखळायचे.

आणि इकडे मॅडम तणतणत माझ्या खिडकीशी. "हे काय चाललंय? मी मेलेल्या मुलाचा निरोप घेतेय, सगळं सभागृह रडतंय, आणि खालून ही म्हणते, 'वन्सं, दूध उतू चाललंय बघा.' अगं, थोडक्यात वाचले. सुरात लावून म्हणणारच होते मी!"

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थिजलं. कारण हळूबाई तेव्हा माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मॅडमच्या तोंडून 'दूध' हा शब्द ऐकला आणि मला हळूच विचारलं, "दूध म्हणजे?"

मॅनेजरना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "प्रयोग नीट चाललेत ना? मग हंगाम संपेपर्यंत कोणी काही बोलू नका." त्यांच्यापुढे हात टेकले.

मार्ग काढला तो वन्संनी. एका सोमवारी, प्रयोगांना सुट्टी असताना, दोघी सकाळी खिडकीशी आल्या. वन्संनी हात पुढे केला. "सभागृहाची किल्ली दे. आणि तूही चल. काय ऐकू येतं ते सांगायला कोणीतरी हवं. माझे कान तर असे."

रिकामं सभागृह दिवसासुद्धा बरं नाही वाटत. वरच्या झरोक्यांतून थोडासा उजेड येत होता. खुर्च्या सगळ्या मिटलेल्या. वन्संना मात्र भीती म्हणून नव्हतीच. जे ऐकू येत नाही त्याला काय घाबरायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या थेट रंगमंचावर गेल्या, पुढच्या कडेला मांडी घालून बसल्या आणि ढोलीच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवले. थोडा वेळ डोळे मिटून राहिल्या.

"इथे आहे," त्या म्हणाल्या. "तीच आहे. घुमतंय."

मग ढोलीला दटावल्यासारखं म्हणाल्या, "वहिनी, पुरे झालं आता. बाहेर काढ सगळं एकेक करून."

हळूबाई मॅडमच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या त्या जागी कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. मी विंगेत होते. आधी नुसती शांतता. मग मला ऐकू आलं. लाकडाच्या आतून, खोल विहिरीत कोणी बोलावं तसा हळूबाईंचा आवाज. खलाशाच्या बायकोची पहिली ओळ. 

हळूबाईंनी ती ओळ ऐकली आणि म्हटली. कुजबुजत नाही, मोठ्यानं. पहिल्यांदा आवाज फाटला. ढोलीनं पुढची ओळ दिली. त्यांनी तीही म्हटली. एक ओळ आली की त्या ती घ्यायच्या, आणि मग ती ओळ खालून पुन्हा यायची नाही. अख्खी संगीतिका अशी झाली. पुरुषांच्या ओळी, बायकांच्या ओळी, समूहाच्या. त्यांचा घसा बसत चालला तरी त्या थांबेनात. वन्सं तळवे ठेवून बसल्या होत्या आणि मध्येमध्ये सांगत होत्या, "आहे अजून. आहे."

खलाशाची गोष्ट संपली तरी आवाज थांबला नाही. "गाळणं," ढोली म्हणाली. "गाळणं!" हळूबाई जवळजवळ ओरडल्या. "उशी." "उशी!" "जिना." "दूध उतू चाललंय." नवऱ्याला हाक मारायच्या ती हाक आली. ती म्हणताना त्या रडत होत्या. मग कधीतरी कोणाला तरी द्यायचं राहून गेलेलं प्रत्युत्तर आलं, चांगलं झणझणीत, आणि ते त्यांनी असं ठणकावून म्हटलं की तशा भीतीतही मला हसू फुटलं.

मग खालून एक शब्द आला. फार हळू. मला तो नीट कळला नाही. लाडानं हाक मारावी तसा काहीतरी, दोन अक्षरांचा. हळूबाई गप्प राहिल्या. तो पुन्हा आला.

"आहे अजून," वन्सं म्हणाल्या. "म्हण की."

हळूबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

वन्संनी वर पाहिलं, त्यांचे ओठ पाहिले. हळूबाई आवाज न करता काहीतरी म्हणाल्या. वन्संचा चेहरा बदलला. त्यांनी लाकडावरचे हात काढून घेतले, तेही असे, जसे झोपलेल्या माणसाच्या अंगावरून काढतात. "असू दे मग," त्या म्हणाल्या. मी त्यांना इतक्या हळू बोलताना त्या आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवसानंतर हळूबाई बऱ्या झाल्या. शब्द परत आले, ओळीही. आवाज मात्र मोठाच राहिला. त्यामुळे त्यांना प्रॉम्प्टरचं काम जमेना. पहिल्या रांगेतले लोक तक्रार करायला लागले. हंगाम संपल्यावर त्यांनी काम सोडलं. आता त्या एका अंधशाळेत मुलांना पुस्तकं वाचून दाखवतात, आणि खिडकीबाहेर उभं राहिलं तरी ऐकू येतं. मॅडम पुढल्या वर्षी दुसऱ्या शहरात गेल्या. मॅनेजरनी ढोलीला खालून फळ्या ठोकल्या आणि शब्द दाखवायला समोरच्या भिंतीवर पडदा बसवला.

त्या दोन अक्षरांचं मला नंतर वन्संनी सांगितलं. हळूबाईंना लग्नानंतर एक मुलगी झाली होती. काही महिनेच जगली. नाव ठेवलेलं वेगळं होतं, पण हळूबाई तिला त्या दोन अक्षरांनी हाक मारायच्या. "पोर गेल्यावर तो शब्द तिनं पुन्हा उच्चारला नाही," वन्सं म्हणाल्या. "त्या दिवशी म्हणाली असती, तर तो ढोलीतून निघून आला असता. मग पोरीला हाक मारायला तिथे कोणीच राहिलं नसतं, असं म्हणाली ती मला."

पुढच्या उन्हाळ्यात बाहेरगावची नाचणारी मंडळी आली. त्यांच्यातली मुख्य नर्तकी तालमीनंतर माझ्याकडे पाणी मागायला आली. तिला आमची भाषा मोडकीतोडकीच येत होती. ती म्हणाली, "फळ्यांखाली कोण बाई आहे? सारखी कोणाला तरी बोलावते." मी म्हटलं, जुनी इमारत आहे, पाइप वाजतात.

हळूबाई अजूनही दर उन्हाळ्यात येतात. काहीही असो, संगीतिका, नाच, मुलांच्या बाहुल्या, त्या पुढच्या रांगेतली मधली खुर्ची मागतात आणि मी ती आधीच बाजूला ठेवलेली असते. मी एकदोनदा मागच्या दारातून त्यांना पाहिलं आहे. सगळे वर बघत असतात, त्यांची नजर खाली असते.

गेल्या वर्षी बाहुल्यांचा खेळ करणारे एक म्हातारे गृहस्थ आले होते. खेळ संपल्यावर दोऱ्या गुंडाळता गुंडाळता त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे खाली कोणी राहतं का हो? दोघी बोलत असतात. एक विचारते, दुसरी उत्तर देते."

मी ते कोणाला सांगणार नव्हते. पण दुसऱ्या दिवशी हळूबाई खिडकीशी आल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं. त्या काचेला दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे रांग खोळंबली होती.

"दुसरी कशी आहे म्हणाले ते?" त्यांनी विचारलं. "तान्ही, की मोठी?"

मी आत जाऊन त्या गृहस्थांना विचारून आले. ते म्हणाले, मोठी असावी. शाळेत जाण्याएवढी. जरा बोबडं बोलते, पण शब्द कळतात.

हळूबाईंनी डोळे पुसले आणि त्या आठवड्यातल्या सगळ्या सकाळच्या खेळांची तिकिटं मागितली.